आप्पांचं माप

"हे इथं नको," आप्पा म्हणाले.

आम्ही गाडी अर्धी आत ढकलली होती. पुढची चाकं शटरच्या आत, मागची रस्त्यावर, आणि इक्बालभाई डिकीला खांदा लावून घामाघूम.

"मग कुठं न्यायची?" मी विचारलं. "इक्बालभाईंची शेड मालकानं रिकामी करून मागितलीय. रस्त्यात सोडू?"

"सोड."

"सोडणार न्हाई मी. सरका, पायावरनं चाक जाईल."

आप्पा सरकले. खुर्ची उचलून बाहेर कडुनिंबाखाली गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. गाडी आत आली. इक्बालभाईंनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "शालन, बरं करालोय का आपण हे?"

"माहीत न्हाई," मी म्हणाले.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप होतं. आप्पा पॅटर्न करायचे. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून खाच करायची आणि त्या खाचेत वितळलेला धातू ओतायचा. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. फाउंड्रीवाले आप्पांकडे रांग लावायचे, कारण धोंडीराम सुताराचं माप चुकत नाही असं सगळ्या उद्यमनगरात बोललं जायचं. मी शिरोलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मोठा भाऊ प्रताप, माझा दादा, इक्बालभाईंबरोबर गाड्यांची इंजिनं करायचा आणि शर्यतीत चालवायचा.

ही गाडी दादाची. इंग्लिश बनावटीची, दोन सीटची, वरून उघडी स्पोर्ट्स गाडी, माझ्यापेक्षाही वयानं मोठी. एका जहागीरदाराच्या तबेल्यात कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. दादानं त्यांची जीप दुरुस्त करून दिली आणि मजुरी म्हणून ही मागून घेतली. आईनं कपाळाला हात लावला होता. आप्पा मात्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले होते, "वळण झकास हाय हिचं."

आम्ही गाडी शेडमध्ये ढकलली त्याच्या आदल्या वर्षी, वाघजाईच्या घाटातल्या चढाच्या शर्यतीत, वरच्या वळणावर दादा गाडीतून बाहेर फेकला गेला. गाडी पुढे जाऊन एका झाडाला टेकली. तिचा एक दिवा फुटला, मडगार्ड चेपलं, एवढंच. दादा जागच्या जागी गेला. मला त्या गाडीचा फार राग यायचा. ती एवढी धड कशी राहिली, याचा.

पण मला आप्पा परत हवे होते, आणि त्यासाठी दुसरं काही माझ्या हाताशी नव्हतं.

दादा गेला तेव्हा आप्पा खचले नव्हते. पोलीस, पंचनामा, आलेगेले, आईला सावरणं, सगळं त्यांनी निभावलं. बाराव्यापर्यंत ताठ होते. बाराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली, आणि ते त्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. रोज सकाळी शटर उघडायचे, बाहेर बसायचे, संध्याकाळी शटर ओढायचे. पटाशीला हात नाही, रंध्याला हात नाही. फाउंड्रीवाले मगदूम मालक दोनदा येऊन गेले, मग येईनासे झाले. आप्पांचं वजन इतकं उतरलं की सदरा खांद्यावरून घसरायचा. मला दिसत होतं, माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि सगळे म्हणायचे, काळ जाऊ दे. काळ गेला. ते आणखी बारीक झाले.

तेव्हा इक्बालभाई म्हणाले, यंदा परतापच्या नावानं गाडी घाटात चढवूया, मी चालवतो. मी तेच उचलून धरलं. गाडी आमच्याच शेडमध्ये आणायची, आप्पांच्या नाकासमोर तिचं काम करायचं. कधी ना कधी त्यांचे हात शिवशिवतील असा माझा डाव होता.

"किती हॉर्सपॉवर वाढंल?" मी इक्बालभाईंना विचारलं.

"खिसा बगून सांगू का इंजिन बगून?"

"खिसा बगून."

"मग खरवडूनच काढायला लागंल," ते हसून म्हणाले. "विकत घेण्यातलं काय न्हाई आपल्याला. हेड घासायचं, म्हंजे आतला दाब वाढतो. वारा जायची भोकं आतनं गुळगुळीत करायची. फ्लायव्हील उतरवून हलकं करायचं. जुना कॅम आपला गुंडू पांचाळ घासून देतोय. आणि भंगारातनं मोठं कार्ब्युरेटर आणलंत दोन, त्यास्नी नवा मॅनिफोल्ड पायजे."

मॅनिफोल्ड म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा नळीदार भाग. दादानं मागच्या शर्यतीसाठी पहिल्यांदा दोन कार्ब्युरेटर बसवले, तेव्हा त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आप्पांनीच केला होता, म्हणजे त्याचा पॅटर्न. आता कार्ब्युरेटर मोठे, तर मॅनिफोल्डही नवा.

"जुना कुठाय?" मी विचारलं. "त्याच्यावरनं ड्रॉइंग करतो." (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. लिहिताना मी शाळेतलं लिहिते, तोंडात मात्र तेच येतं.)

"हाय डिकीत, गोणपाटात गुंडाळून," इक्बालभाई म्हणाले. "त्याचं काय बगायचंय? जुनं ते. हेडवरनंच माप घे की."

मी हेडवरून घेतलं.

कामावरून सुटले की मी थेट शेडमध्ये यायचे. इक्बालभाई कानस, पॉलिश पेपर, रॉकेलचा डबा घेऊन बसलेले असायचे. हेडची भोकं घासून घासून माझ्या बोटांची कातडी गेली. त्या महिन्यात कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या कागदांवर माझे काळे ठसे उमटायचे आणि साहेब कुरकुर करायचा. आप्पा बाहेर पाठमोरे. पण कान आत होते. आमच्या घरात कान कुणाचेच म्हातारे होत नाहीत.

एक दिवस हेड किती घासायचं यावरून आमची जुंपली. इक्बालभाईंना अजून घासायचं होतं.

"आणि जरा दाब वाढला तर काय बिघडलं?"

"पेट्रोल कसलं मिळतंय आपल्याकडं? ठोके मारंल इंजिन."

"मारू दे दोन ठोके. चढ संपेस्तोवर टिकलं म्हंजे झालं."

"एवढ्यावर थांबा," बाहेरून आवाज आला. "तळ पातळ झाला तर तापल्यावर उकलंल."

वर्षभरात कामाबद्दल त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी काही बोलले नाही, नाहीतर पुन्हा कवाड लागायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खुर्ची आडवी झाली होती. आप्पांना एका डोळ्यानं रस्ता दिसत होता आणि एका डोळ्यानं आम्ही. घरी जाऊन मी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि पदरानं डोळे टिपले.

दिवाळी झाली. कॅम घासून आला, फ्लायव्हील उतरवून आलं. राहिला मॅनिफोल्ड. मी ड्रॉइंग पुरं करून आप्पांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते बघितलं. अंगठा एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर नेला, म्हणजे वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं आणि चप्पल घालून घरी निघून गेले. शटर उघडंच.

रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "शालन, त्यांच्या मागं लागू नको बाई. बसलंय माणूस तर बसू दे. निदान हाय तरी."

मला तिचं पटलं नाही, आणि तिचा रागही आला नाही. ती तिच्या परीनं एका माणसाला धरून होती आणि मी माझ्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळं उद्यमनगर बंद होतं, लेथचा आवाज नाही, भट्ट्यांचा धूर नाही. मी ड्रॉइंग घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिले. इक्बालभाई आत इंजिन जुळवत होते.

"दुसऱ्या कुणाकडनं करून घे," आप्पा म्हणाले.

"मला तुमच्या हातचं पायजे."

"माझ्या हातचं त्या गाडीवर पुन्हा चढणार न्हाई."

"का पण?"

"एकदा चढलं, तेवढं पुरं झालं."

"म्हंजे काय? नीट सांगा की. वर्ष झालं आम्ही तुमच्या पाठीशी बोलालोय."

ते उठले. मला वाटलं, पुन्हा घरी जातात. पण ते आत आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाकावर टेकले. त्या बाकाला त्यांनी वर्षभरात स्पर्श केला नव्हता.

"गाडीचा आवाज कमी झाला न्हवता," ते म्हणाले. "सगळ्यांनी सांगितलं ते. वळण आलं तरी इंजिन वरच्याच आवाजात हुतं. व्हय का न्हाई रं इक्बाल?"

इक्बालभाईंनी पाना खाली ठेवला. "व्हय."

"वळणाला गाडी आली की माणूस पाय काढतोय. पाय काढला की आवाज पडतोय. मग का पडला न्हाई?"

आप्पांनी बाकावरची धूळ तळहातानं पुसली.

"बाराव्याला गुंडू पांचाळ आलावता. जाताना पिशवीतनं एक पट्टी काढून हातात दिली. म्हणाला, आप्पा, तुमची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, लई दिवस झालं नेलेली, द्यायची ऱ्हाऊनच गेली."

ते एवढंच बोलले. मला सगळं कळलं.

धातू निवताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुळात मोठा करावा लागतो, आणि तो हिशोब दर वेळी करायला नको म्हणून पॅटर्नवाल्याची मोजायची पट्टीच मुद्दाम किंचित मोठी असते. दिसायला साधी, आकडे तेच, पण तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा जरासा लांब. लोखंड कमी आकसतं, अ‍ॅल्युमिनियम जास्त, म्हणून दोन धातूंना दोन पट्ट्या. आप्पांचं सारं आयुष्य लोखंडात गेलं. अ‍ॅल्युमिनियमचं काम वर्षातून एखादं. त्यांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गुंडूतात्यांकडे होती आणि आप्पांनी दादाच्या मॅनिफोल्डचा पॅटर्न हाताला सवयीची असलेल्या लोखंडाच्या पट्टीनं मोजून केला होता; म्हणजे ओतून निवल्यावर मॅनिफोल्ड मापापेक्षा लहान झाला असणार.

"दोन कार्ब्युरेटर जवळ आलं असणार," आप्पा म्हणाले. "दोन्हीच्या झडपा उघडणारा मधला दांडा चिमटला असणार. पोरानं पाय काढला तरी झडप मिटलीच न्हाई. तो पाय काढत असंल गं, आणि गाडी पळतच ऱ्हायली असंल."

मी माझ्या बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते रडले नाहीत. नुसते बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

"मी मारलं त्याला, शालन."

"तुम्ही बगितलंय का ते उघडून?"

"कुणाची छाती हाय बगायची?"

वर्षभर हा माणूस हे पोटात घेऊन, त्या बाकाकडे पाठ करून बसला होता. आणि आम्ही म्हणत होतो, काळ जाऊ दे. मला त्यांची इतकी दया आली की रागच आला.

"मग आता बगूया," मी म्हणाले.

"नको," इक्बालभाई एकदम बोलले. "शालन, नको. काढू नको ते."

"का?"

"नको म्हणतोय न्हवं! गेलं ते गेलं."

मी डिकीकडे गेले. डिकीच्या कडीवर हात ठेवून थांबले, हे खरं सांगते. आत जे होतं त्यानं आप्पा उठले नसते तर पुन्हा कधीच उठले नसते. समजुतीचं काहीतरी खोटं बोलावं, असंही मनात आलं. पण दुसऱ्या कशाबद्दलही त्यांच्याशी खोटं बोलता आलं असतं, मापाबद्दल नाही. आणि न बघता ते जसे बसले होते, तसंही त्यांना मी फार दिवस ठेवू शकले नसते. मी डिकी उघडली.

गोणपाट सोडलं. मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरसकट तसाच होता, वर्षाच्या धुळीनं माखलेला. मी तो बाकावर ठेवला, पिशवीतून व्हर्नियर काढला आणि इंजिनाकडच्या टोकाला एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत माप घेतलं. मग ड्रॉइंग बघितलं. पुन्हा माप घेतलं.

"किती?" आप्पांनी विचारलं.

मी व्हर्नियर बाकावर ठेवला.

"किती कमी हाय?"

"पाऊण मिलिमीटर," मी म्हणाले.

आप्पांनी मान खाली घातली. पॅटर्नच्या कामात पाऊण मिलिमीटर म्हणजे सरळ सरळ चूक. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, मी आज बापालाही मारलं.

पण व्हर्नियर धरताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं होतं, ते आता डोक्यात आलं. मी भोक पुन्हा चाचपलं. ते गोल नव्हतं. लांबट होतं. दुसरंही लांबट. सगळीच.

"आप्पा," मी म्हणाले, "इथं बोट लावा."

"काय करू लावून?"

"लावा हो."

त्यांनी लावलं. डोळे मिटून बोट आतून फिरवलं, दुसऱ्या भोकात फिरवलं, मग मॅनिफोल्ड उचलून उजेडाकडे नेला. दोन कार्ब्युरेटरांमधला दांडा एकसंध नव्हता. मधोमध कापून दोन तुकड्यांत एक छोटी स्प्रिंग बसवलेली होती. कार्ब्युरेटर जवळ आले तर स्प्रिंग दबणार, दांडा चिमटणार नाही.

"ही कानस कुणी मारली?" आप्पांनी विचारलं.

इक्बालभाईंनी तोंड फिरवलं होतं.

"इक्बाल, तुला विचारालोय मी."

"परतापनं," इक्बालभाई म्हणाले. "बसंना हुतं ते हेडवर. बोल्टच जाईना. दोन दिवस शेडात बसून घासलं त्यानं. दांडा कापून स्प्रिंग घातली. मी म्हटलं, आप्पांकडनं दुसरा करून घेऊया की. तर अंगावर आला माझ्या. म्हणाला, सगळी हयात त्यांचं माप चुकलं न्हाई, एकदा चुकलं तर मी नेऊन दाखवू का त्यांना? आप्पांना कळलं तर तुझी माझी दोस्ती संपली."

"मला तर म्हणाला, आप्पा, एकदम गच्च बसलं."

"व्हय. ते पण सांगितलं मला. हसालता सांगताना."

"आणि तू वर्षभर गप्प बसलास?"

"शब्द दिलावता, आप्पा!" इक्बालभाईंचा आवाज चिरकला. "आणि तुमी ह्ये डोक्यात घिऊन बसलाय, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, पोराचं दुःख हाय. पोराचं दुःख करणाऱ्या माणसाला जाऊन सांगू का, की तुमचं माप चुकलंवतं म्हणून?"

आप्पांनी झडपेची कळ दाबली आणि सोडली. टक् करून झडप मिटली. पुन्हा दाबली, सोडली. पुन्हा. वर्षभर पडून असूनही ती एकदाही अडखळली नाही. किती वेळ ते तेच करत होते कोण जाणे. मी रडत होते. मोकळं वाटून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. दादा माझ्यासमोर उभा असल्यासारखा मला दिसत होता, जीभ दातात धरून कानस मारणारा, आपल्या बापाची चूक चोरून बुजवणारा.

मग आप्पांचा हात थांबला.

"मग आवाज का पडला न्हाई?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. इक्बालभाईंना मात्र सुचला असावा, कदाचित वर्षभर सुचत असावा. ते बराच वेळ हातातल्या फडक्याला घड्या घालत राहिले.

"पाय काढला न्हाई त्यानं, आप्पा," ते म्हणाले. "त्याला वाटलं, निघंल वळण."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी त्यांच्यात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणापुढं बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "तिच्या आईपुढं तर न्हाईच न्हाई."

"न्हाई बोलणार."

"शप्पत घे."

इक्बालभाईंनी गळ्याला हात लावला. त्या माणसानं आमच्या घरासाठी आणखी एक शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा बाकावर सागवानाच्या ढलप्यांचा ढीग होता. आप्पांनी माझं ड्रॉइंग भिंतीला ठोकलं होतं आणि त्यातल्या एका वळणाला नावं ठेवत होते. मी म्हणाले, ठेवा नावं, पाहिजे तेवढी ठेवा. आठवडाभरात पॅटर्न झाला, मगदूम मालकांच्या फाउंड्रीत ओतला गेला, आणि मॅनिफोल्ड हेडवर असा बसला की इक्बालभाईंनी बोल्ट बोटांनीच फिरवले. मगदूम मालकांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, आप्पा, तुमी परत लागलाय तर पंपाचं सगळं काम तुमच्याकडंच देतो, नव्या वर्षापासनं. आईनं त्या दिवशी पुरणपोळी केली. मला वाटलं, ओझं उतरलं. मी जिंकले असंच मला वाटत होतं.

शर्यतीला आप्पा येतील असं नव्हतं वाटलं. पण पहाटे अंघोळ करून, फेटा बांधून तयार. वाघजाईच्या घाटात पोचल्यावर म्हणाले, "मला त्या वळणावर ने."

"आप्पा, खालीच थांबूया की. गाडी निघताना बगायला मिळंल."

"बगायचं न्हाई. ऐकायचंय."

आम्ही वर गेलो. तिथं बरीच माणसं दगडांवर, कठड्यावर बसली होती. मगदूम मालकही होते, दोन पाहुण्यांना घेऊन आलेले. आम्हाला बघून उठून जवळ आले. गाड्या एकेक करून येत होत्या. मग खालून आमच्या गाडीचा आवाज आला. मी तो हजारांत ओळखला असता. त्यातला जोर वाढलेला कळत होता, महिनाभर घासलेल्या बोटांना तो कळत होता. आवाज चढत गेला, जवळ आला. आप्पांनी माझं मनगट धरलं.

वळणाच्या अलीकडे आवाज पडला. इक्बालभाईंनी पाय काढला होता. गाडी सरळ झाली, आवाज पुन्हा चढला, आणि ती आमच्यासमोरून वर निघून गेली. आप्पांनी मनगट सोडलं नाही.

"झकास!" मगदूम मालक म्हणाले. "काय जोर हाय! आणि इक्बाल शहाणा बगा. बरोबर पाय उचलला." मग आप्पांकडे वळून, खरंच मायेनं म्हणाले, "राग मानू नका आप्पा, तुमचं पोरगं हिऱ्यासारखं, पण इथं पाय उचलायचाच न्हाई असं ठरवूनच आलंवतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. माज असतो त्या वयात."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. कठड्यावरचा एकजण म्हणाला, "व्हय व्हय, बेफाम चालवायचा."

आप्पांनी माझं मनगट सोडलं.

"पोरानं पाय काढलावता," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कठड्यावरच्यांनाही ऐकू जावं असं. "गाडी थांबली न्हाई. झडप अडकली. मॅनिफोल्ड माझा हुता. अ‍ॅल्युमिनियमच्या कामाला लोखंडाची पट्टी लावली मी. पोराचं काय चुकलं न्हाई. माप माझं चुकलं."

खालून पुढच्या गाडीचा आवाज येऊ लागला होता.

मगदूम मालकांचा चेहरा उतरला. मापावर विश्वास टाकूनच त्यांचा धंदा चालायचा, आणि ज्या माणसाला त्यांनी वर्षाचं काम देऊ केलं होतं तो माणूस चारचौघांत, त्यांच्या पाहुण्यांसमोर, हे बोलला होता. आप्पांना ते कळत नव्हतं असं नाही. पंपाचं काम आमच्याकडे आलं नाही, पुढे कधीच आलं नाही, आणि त्यानंतर जितकी वर्षं आप्पा जगले तितकी वर्षं, दादाचं नाव निघालं की ते हेच वाक्य बोलायचे. पण ते नंतरचं. तेव्हा त्या वळणावर मालक माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं असावं, म्हातारा दुःखानं काहीतरी बोलतोय, शिकलेली पोरगी खरं सांगेल.

"शालन, तू तर मापातली," ते म्हणाले. "तू बगितलंयस का ते? चुकलंवतं खरंच?"

आप्पा माझ्याकडे बघत होते.

"बगितलंय मी," मी म्हणाले. "चुकलंवतं. पाऊण मिलिमीटर."